रामदासच्या प्रवाशांची यादी करा : महाराष्ट्र सागरी मंडळाला खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

स. न. वि. वि.

17 जुलै 2027 ला रामदास बोट बुडाल्याला 80 वर्षं पुरी होतील. सरकारी कामाला वेळ लागतो हे ठाऊक असल्यामुळे आधीच लिहितो आहे. मागणं एकच आहे. त्या सकाळी बोटीवर जी माणसं होती त्यांच्या नावांची यादी करा आणि ती भाऊच्या धक्क्यावर व रेवसच्या जेट्टीवर लावा. चौथरा नको, कारंजं नको, बोटीची सिमेंटची प्रतिकृती तर मुळीच नको. यादी हवी.

मंडळात आज काम करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांपैकी काहींना रामदास म्हणजे काय हेच सांगावं लागेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 17 जुलै 1947, गुरुवार. आषाढातली अमावास्या, म्हणजे आपली गटारी. सकाळी 8 वाजता रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बोट चांगली होती. 1936 साली इंग्लंडात स्वान हंटर कंपनीनं बांधलेली, 179 फूट लांब, 406 टनांची. (टायटॅनिकच्या मदतीला धावून गेलेली कार्पेथिया याच कारखान्यातली. तिची माहिती आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही असते.) रामदासची मालकी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे होती, पण कोकणात तिला त्या नावानं कुणी ओळखत नसे. लोक म्हणत, ‘माझी आगबोट कंपनी’. गोऱ्यांच्या कंपन्यांच्या बोटी सोडून आपल्या माणसांच्या बोटीनं जायचं, ही त्या काळातली आस्था त्या ‘माझी’त होती. बोटींना नावंही संतांची. तुकाराम, रामदास.

निघाल्यावर पाऊस आणि वारा वाढत गेला. अमावास्येचं उधाण, त्यात जुलैचा समुद्र. काश्याच्या खडकाजवळ एक मोठी लाट एका बाजूनं आत आली. भिजलेली, भेदरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली. सातशे माणसांचं वजन पस्तीस-चाळीस टन सहज भरतं. तेवढं वजन एकाच कठड्याकडे सरकल्यावर बोट कलली, आणि मागून आलेल्या लाटेनं तिला पुन्हा सरळ होऊ दिलं नाही. तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. धक्का सोडून पुरता पाऊण तासही झाला नव्हता.

बोटीवर वायरलेस नव्हता. त्यामुळे मुंबई बंदरापासून जेमतेम दहा मैलांवर एवढी माणसं पाण्यात असताना मुंबईत कुणाला काही कळलं नाही. बातमी पोहोचली दुपारी, तीही पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी आणली तेव्हा. मधल्या तासांत त्या पाण्यात जी काही मदत झाली ती रेवसच्या कोळ्यांनी केली. मासळी घेऊन ते मुंबईच्या बाजाराला निघाले होते. समोर माणसं दिसल्यावर त्यांनी मासळीच्या टोपल्या समुद्रात ओतल्या आणि त्या जागी माणसं घेतली. सुमारे 75 जण त्यांनी वाचवले असं सांगतात. पावसाळ्यात होडी बाहेर काढून मिळवलेला माल ओतून द्यायचा म्हणजे काय, हे मासळीवर घर चालवणाऱ्यालाच कळेल. त्या नाखवांची आणि खलाशांची नावंही कुठं एकत्र लिहिलेली माझ्या पाहण्यात नाहीत. यादीत त्यांचं वेगळं पान असावं.

आता आकड्यांकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथंच आहे. बोटीवर 778 माणसं होती, आणि त्याची फोडही सांगितली जाते : तिकीट काढलेले प्रवासी 673, खलाशी 48, अधिकारी 4, बोटीवरच्या हॉटेलातली माणसं 18 आणि विनातिकीट 35. पहिल्यांदा ही फोड वाचली तेव्हा मी त्या 35 वर अडकलो. तिकिटं मोजता येतात, पगारपत्रकावरचे खलाशी मोजता येतात. फुकट चढलेल्यांचा हिशेब कुणी आणि कसा लावला असेल? आणि मृतांचा आकडा? तो कुठं सहाशेच्या थोडा वर सापडतो, कुठं सातशेला टेकतो, कुठं त्याच्याही पुढं जातो. म्हणजे वाचणाऱ्यानं कुठला मजकूर हाती घेतला यावर शंभरेक माणसांचं जगणं-मरणं ठरतं. आपण सगळे ‘सुमारे’ हा शब्द लावून पुढं जातो. मीही वर तेच केलं.

माझ्या आजीचा थोरला भाऊ त्या बोटीवर होता. परळला गिरणीत कामाला होता, सणाला गावी निघाला होता. मृतदेह मिळाला नाही. मृतदेह नाही म्हणजे पंचनामा नाही, आणि पंचनामा नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. बेपत्ता माणूस कायद्याच्या नजरेत मेला असं मानायला सात वर्षं जावी लागतात. ती सात वर्षं गेली, पण कचेरीत खेटे घालणार कोण? त्यांच्या बायकोनं कपाळाचं कुंकू किती वर्षं पुसलं नव्हतं याबद्दल घरात दोन मतं आहेत. सातबाऱ्याबद्दल मात्र दुमत नाही. वारसनोंद झाली नाही तोवर शेताच्या उताऱ्यावर त्यांचं नाव खातेदार म्हणून चालूच होतं. समुद्रात गेलेल्या माणसाच्या नावानं तलाठी शेतसाऱ्याची पावती फाडत होता. अशी घरं अलिबाग आणि पेण तालुक्यांत किती असतील! ते नाव मी या पत्रात लिहीत नाही. ते आधी यादीत छापून यावं.

त्या घरात आषाढ अमावास्येला अजून पान वाढतात. शेजारी मटणाचा वास सुटलेला असतो, पोरं गटारीच्या नादात असतात आणि आमच्याकडे वरणभात, भाजी, वडे केळीच्या पानावर घालून माळ्याच्या कौलांवर ठेवतात. दिवे घासलेले असतात, त्यांची पूजाही होते, पण सण म्हणून कुणी करत नाही. तिथीनं करायचं तर 2027 साली ही अमावास्या 2 ऑगस्टला येते. तारखेनं की तिथीनं हा वाद कृपया लावू नका. घरोघरची तिथी घरं सांभाळतील, सरकारनं 17 जुलै सांभाळावी.

रामदास लोक विसरले याचं एक ठरलेलं कारण पुढं केलं जातं. महिन्याभरातच स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ फाळणीच्या कत्तली आल्या, त्यात ही बातमी बुडाली. ऐकायला पटतं. पण मला हे कारण सोयीचं वाटतं. रामदासच्या तीनच वर्षं आधी, 14 एप्रिल 1944 ला, याच मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीवर स्फोट झाला. बोटीत कापूस होता, दारूगोळा होता, सोन्याच्या विटासुद्धा होत्या. दुसरं महायुद्ध चालू होतं, बातम्यांवर सरकारी कात्री होती. विसरायला याहून चांगली सबब कुठली? तरीही तो दिवस देश विसरला नाही. दर वर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळा-कारखान्यांत प्रात्यक्षिकं होतात, भायखळ्याच्या मुख्यालयात त्या आगीत गेलेल्या 66 जवानांना मानवंदना दिली जाते. कारण उघड आहे. ते 66 जण एका खात्याचे होते. खात्याकडे हजेरीपट होता, गणवेश होता, पुढच्या पिढीतले अधिकारी होते. त्यांनी आपली माणसं आठवणीत ठेवली.

रामदासमधली माणसं कुणाची होती? कुणी गिरणीत कामाला, कुणी हमाल, कुणी मासळीच्या हिशेबाचे पैसे घेऊन परतणारा. एका तिकिटापुरतीच ती एकत्र आलेली. प्रवासी कुठल्याच खात्याचे नसतात. उतरले की पांगले, बुडाले तरी पांगलेच. ज्या कंपनीला लोक ‘माझी’ म्हणत ती राहिली नाही, कोकणातली आगबोट राहिली नाही, तेव्हाचा कुलाबा जिल्हासुद्धा 1981 साली रायगड झाला. मग या माणसांना आपलं म्हणणारं उरलं कोण? मला तरी आपलं मंडळ दिसतं. 1996 साली स्थापन झालेल्या मंडळाचा 1947 च्या दुर्घटनेशी कायद्यानं काही संबंध नाही हे मला कळतं. पण या राज्याच्या किनाऱ्यावर प्रवासी जलवाहतूक बघणारं मंडळ तेच आहे. प्रवाशांचं खातं म्हणायचं तर तेच.

राष्ट्रीय सागरी दिवस आपण 5 एप्रिलला पाळतो. 1919 साली भारतीय मालकीची लॉयल्टी बोट मुंबईहून लंडनला निघाली त्याची ती आठवण, आणि ती योग्यच आहे. पण तो मालकांचा आणि दर्यावर्दींचा दिवस. बाकड्यावर गाठोडं घेऊन बसणाऱ्या प्रवाशाचा एकही दिवस आपल्या कॅलेंडरात नाही. त्याच्या मरणाची परंपरा मात्र मोठी आहे. 1888 च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा, जिला विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘विजळी’ म्हणत, सातशेहून जास्त माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. तिची आठवण गुजरातेत लोकगीतांनी टिकवली. 11 नोव्हेंबर 1927 ला कोकणच्या वाटेवर जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. कोकणी माणसाला गाऱ्हाणी उत्तम घालता येतात, तरी या बोटींवर आपण एक धड गाणं रचलं नाही. रामदास बुडण्यापूर्वी वीस वर्षं आपल्याला एक इशारा मिळालेला होता, एवढंच इथं नोंदवतो.

यादी आता कशी करणार, असं आपलं कार्यालय विचारेल. बेलफास्टच्या नगरभवनाशेजारी 2012 साली टायटॅनिकच्या बागेत ब्राँझच्या फलकांवर 1512 नावं कोरली. शंभर वर्षांनी. आडनावाच्या अक्षरानुसार, कोण पहिल्या वर्गात होता आणि कोण भट्टीत कोळसा घालत होता असा भेद न करता. टायटॅनिकच्या प्रवाशांची कागदपत्रं रामदासपेक्षा कितीतरी चांगली होती, ही गोष्ट खरी. पण आपलाही दफ्तरखाना अगदी रिकामा नसावा. पोलिसांचे आणि कॉरोनरचे कागद, मुंबईतल्या राज्य अभिलेखागारातलं दफ्तर, अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीतलं कुलाबा जिल्ह्याचं दफ्तर, त्या आठवड्यातली मराठी, गुजराती, इंग्रजी वर्तमानपत्रं, गावोगावच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, यांतून सुरुवात करता येते. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक वर्षाचं काम म्हणून हे देता येईल. पण खरं दफ्तर घरांत आहे. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींतल्या, अलिबाग-पेणच्या गावांतल्या ऐंशी-नव्वदीच्या बायांना विचारा. कुठल्या आळीतला कोण गेला, कुणाबरोबर गेला, अंगात काय होतं, हे त्या एका दमात सांगतात. या बाया कायम राहणार नाहीत, म्हणून घाई करतो आहे.

यादी पूर्ण होणार नाही. तरी लावा. तळाशी जागा कोरी ठेवा आणि लिहा की अजून नावं यायची आहेत. ज्यांची नावं मिळाली नाहीत त्यांचा आकडा लिहा, विनातिकीट 35 सुद्धा. फक्त एक विनंती आहे. मृतांच्या नावांपेक्षा उद्घाटकांची नावं मोठ्या अक्षरात येणार असतील तर फलक न लावलेला बरा. आपल्याकडच्या कोनशिला वाचून कधी कधी वाटतं, घटना घडलीच होती ती फीत कापता यावी म्हणून.

नावांचा एवढा आग्रह कशाला, जुनी मढी उकरून काय मिळणार, असं काही जण म्हणतील. त्यांनी 18 डिसेंबर 2024 आठवावी. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला इंजिनाची चाचणी घेणाऱ्या नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली आणि 15 माणसं गेली. रामदासला तेव्हा 77 वर्षं झाली होती. हाताशी वायरलेस होता, मोबाइल होता, सगळा प्रसंग प्रवाशांनी चित्रित केलेला होता. आणि लाँचवर नेमकी माणसं किती, हा आकडा मात्र बातम्यांतून बदलत राहिला. बेपत्ता कोण हे ठरवायलाही नातेवाईक विचारत येईपर्यंत थांबावं लागलं. लाँचच्या तिकिटावर नाव नसतं. शिडीवर माणसं मोजली जातातच असं नाही, आणि मोजली तरी तो आकडा किनाऱ्यावर राहत नाही. तो सारंगाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, डोक्यात बसून बोटीबरोबरच समुद्रात जातो.

म्हणून 17 जुलैला यादी लावायची ती त्या दिवसाच्या कामासकट. समुद्रावर माणूस मोजला गेला पाहिजे, आधीचा आणि आजचाही. बोट सुटण्यापूर्वी शिडीवरच्या खलाशानं डोकी मोजावीत. आकडा फोनवरून नियंत्रण कक्षाला जावा आणि जेट्टीवरच्या फळ्यावर खडूनं लिहावा. बोट पलीकडे पोहोचली की पुसावा. याला ना ॲप लागतं ना निविदा. जमेल तिथं तिकिटाबरोबर नाव आणि एक मोबाइल नंबर घ्या. रो-रोनं मोटार घेऊन जाणाऱ्याचा गाडीनंबर घेताच की, मग माणसाचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

तारीखही सोयीची आहे. जूनपासून गेटवे-मांडवा मार्गावरच्या बोटी बंद असतात. लाँचा ओढून ठेवलेल्या असतात, त्यांची डागडुजी आणि रंगकाम चालू असतं, खलाशी मोकळे असतात. 17 जुलैला त्या सगळ्यांना बोलवा. बोट एका बाजूला कलली की प्रवाशांना काय ओरडून सांगायचं, कुणी कुठं उभं राहायचं, पोहता न येणाऱ्याच्या गळ्यात जॅकेट कसं अडकवायचं, याची तालीम घ्या. जॅकेटांविषयी लिहिण्यासारखं बरंच आहे. एका लाँचवर मी बाकाखालचं जॅकेट ओढून बघितलं तर बाकीची पाच त्याला नायलॉनच्या दोरीनं एकत्र बांधलेली. वारा लागून उडू नयेत म्हणून, असं खलाशी म्हणाला. गाठ इतकी जुनी होती की दोरी कापल्याखेरीज सुटली नसती. पट्ट्यांवर बुरशी, एकाला बक्कलच नाही. मी खलाशाला दोष देत नाही. ती सोडायला त्याला कुणी कधी सांगितलंच नसेल.

तालमीचा उपयोग होतो याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. मार्च 2020 मध्ये मांडव्याजवळ अजंठा बोट कलंडायला लागली तेव्हा सागरी पोलिसांची बोट वेळेवर पोहोचली आणि 88 प्रवासी वाचले. त्या दिवशी मदत जवळ होती, मदतीची माणसं सरावाची होती. 1947 ला तीच मदत मासळीच्या टोपल्या घेऊन योगायोगानं समोर आली. योगायोगावर सोडलेलं काम एकदा होतं, दर वेळी होत नाही.

रेवस-करंजा पूल व्हायचा आहे. तो झाल्यावर बोटीनं जाणारा माणूस कमी होईल, आणि रामदास कुठून कुठं चालली होती हे गाडीतून जाणाऱ्या पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागेल. तोवर भाऊच्या धक्क्यावर रांग आहे, तोवर त्या रांगेला ती यादी वाचायला मिळू द्या. तिकिटाच्या खिडकीशेजारची भिंत पुरेल. धक्क्याची जागा मुंबई पोर्टकडे आहे, तेव्हा त्यांची परवानगी लागेल. रेवसच्या जेट्टीबाबत आपण स्वतः निर्णय घेऊ शकता.

नावं गोळा करण्यासाठी एक पानी नमुना पुरे : नाव, गाव, वय, मुंबईत कुठं राहत, कुणाबरोबर निघाले, मृतदेह मिळाला की नाही, आणि सांगणाऱ्याचं नातं. सोबत कागदपत्रं सक्तीची करू नका. ज्यांना 80 वर्षांपूर्वी मृत्यूचा दाखला मिळाला नाही त्यांच्या नातवंडांकडून तो आता मागू नका. अर्ज तहसील कचेरीत, ग्रामपंचायतीत आणि दोन्ही जेट्ट्यांवर ठेवा. पहिला अर्ज भरून द्यायला मी रेवसला येईन. कुठल्या खिडकीवर द्यायचा तेवढं कळवावं.

कळावे,

रेवस-भाऊचा धक्का मार्गावरचा
अलिबाग तालुक्यातील एक प्रवासी